कच्च्या फायली घेऊन पेण ते रोहा

या ब्लॉगवर कोकणातल्या बहुतेक रस्त्यांबद्दल लिहून झालंय. मुरुड, श्रीवर्धन, दापोली, आणि ज्या घाटांतून फक्त दुधाच्या गाड्या जातात ते घाटसुद्धा. दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी विचारतंच, "ताई, इतकं जवळ असून पेण-रोह्यावर एकही पोस्ट कशी नाही?" मी काहीतरी थातुरमातुर उत्तर देते. खरं उत्तर असं की तो प्रवास माझा झालेला आहे, पंचवीसेक वर्षांपूर्वी, आणि त्याच्याबद्दल लिहायला हात उचलत नव्हता. आज लिहिते. रस्ता, खाणं, मुक्काम, सगळं सांगेन. पण वीकेंडचा बेत आखायच्या उत्साहात आला असाल तर आधीच बजावते, ही सहल आनंदाची नाही.

अठ्ठ्याण्णव सालचा मार्च. मी ठाण्यात एका ऑफिसात कामाला होते. कंपन्यांची माहितीपत्रकं, कॅलेंडरं असं छपाईआधीचं सगळं काम आमच्याकडे व्हायचं. मालकांनी नुकताच डिजिटल कॅमेरा घेतला होता. आताच्या पोरांना हसू येईल, पण तो पाटा-वरवंट्याइतका जड होता आणि त्याला मागे पडदाच नव्हता. काढलेला फोटो कसा आलाय ते बघायची सोयच नाही. आत काडेपेटीपेक्षा थोडं मोठं एक कार्ड, त्यावर फोटो साठायचे, तेही कच्चे. म्हणजे कॅमेऱ्याला जे दिसलं ते जसंच्या तसं फायलीत कोंबलेलं. त्याचा छापता येण्याजोगा फोटो करायचा तर एक खास सॉफ्टवेअर लागायचं. ते ऑफिसातल्या एकाच कॉम्प्युटरवर होतं आणि ते चालवायचे जोशीकाका.

निघायच्या आदल्या दिवशी जोशीकाकांनी मला समोर उभं करून सांगितलं, "फायली उघडायच्या नाहीत. नाव बदलायचं नाही. जशा पडतील तशा घेऊन ये. बाकी मी बघतो."

मी मान हलवली. तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांची होते, आणि मान हलवली म्हणजे ऐकलं, असं काही माझ्या बाबतीत नव्हतं.

काम रोह्याजवळच्या एका रसायन कंपनीचं होतं. शनिवारी जायचं, रविवारी फोटो काढायचे, सोमवारी परत. हे कळल्यावर हरेश माझ्या टेबलाशी येऊन घुटमळला. हरेश आमच्याकडे माहितीपत्रकांची पानं लावायचा. अबोल पोरगा, पण हात असा सफाईचा की त्याने लावलेल्या पानात एक ओळ इकडची तिकडे करायची वेळ यायची नाही. त्याचं गाव वडखळच्या पुढे, धरमतरच्या खाडीला लागून. घरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या मिठागरावर कामाला.

"मॅडम, वाटेत तासभर उतराल का?" तो म्हणाला. "आईचा फोटो पाहिजे. तिची तब्येत बरी नाही. मंगळवारी अलिबागला दवाखान्यात न्यायचंय."

मी म्हटलं, अरे त्यात काय एवढं. तासभर काय, जेवूनच निघेन पुढे.

शनिवार

सकाळी सहाची एसटी ठाण्याहून. तिकीट तिशीच्या आत होतं. पनवेलच्या पुढे उजाडलं आणि पेण येईपर्यंत उन्हाने खिडकीचा गज तापला. पेणला स्टँडबाहेर चहा घ्या, गाड्यावरचे पोहे घ्या. पोहे तिथलेच, पातळ आणि गोडसर, बाहेर कुठे तसे मिळत नाहीत. पापड घ्यायचेच असतील तर परतताना घ्या, जाताना चुरा होतो. वडखळपर्यंत सहा आसनी रिक्षा मिळायची. सहा आसनी हे फक्त नाव. मी अकरावी होते आणि मांडीवर कॅमेऱ्याची पेटी होती.

वडखळ नाक्यावर हरेश सायकल घेऊन उभा होता. पेटी कॅरिअरवर बांधली आणि आम्ही बांधावरून चालत निघालो. तिथला मार्च म्हणजे डोळे मिटून चालायचा महिना. दोन्हीकडे मिठागरं, चौकोनी वाफ्यांत पाणी आटून पांढरं झालेलं, आणि बांधाबांधावर मिठाचे ढीग. बायामाणसं लांब दांड्याच्या फळीने मीठ ओढत होती. कुणी मान वर केली नाही. ऑफिसात शुद्ध बोलणारा हरेश त्यांच्याशी बोलताना एकदम वेगळाच माणूस झाला, मोठ्याने आणि हसत.

घर कौलारू, दोन खोल्यांचं. हरेशची आई ओटीवर भिंतीला टेकून बसलेली. अंगाने वाळकी, पण पाय सुजून खांबासारखे झालेले. दोन वाक्यं बोलली की थांबून श्वास घ्यायची. ठेवणीतलं जांभळं लुगडं नेसून ती सकाळपासून तयार होती.

"ये गो बाय," ती म्हणाली. "हीच काय फोटूवाली? मना वाटला बाप्या येल कोन तरी."

मला आधी हात धरून तिने आत नेलं. भिंतीवर हरेशच्या वडिलांची तसबीर होती. ते गेले तेव्हा त्यांचा एकट्याचा फोटोच नव्हता म्हणे. कुणाच्या तरी लग्नात काढलेल्या घोळक्यातून त्यांचं तोंड कापून मोठं करून आणलेलं. खांद्यावर दुसऱ्याच कुणाचा तरी हात होता, मनगटाशी कापलेला, घड्याळासकट.

"बग," ती म्हणाली, "पंधरा वरसं झाली, ह्या घड्यालवाल्याला पन हार घालतंय मी. कोन हाय त्याचा पत्त्या नाय."

मला हसू आलं. ती हसली नाही.

"मना हार घालतील तवा मी एकटी पायजे. नीट. तोंड सरल."

"आये, काय पन बोलतंस!" हरेश मागून म्हणाला.

"खोटा हाय काय? मंगलवारी नेतास. येतंय का नाय, कुनाला ठावं?"

ओटीवर उजेड चांगला होता. मी तिला खुर्चीत बसवलं. शेजारच्या बायका जमल्या, त्यांना तिने हातानेच हाकललं. मग कॅमेऱ्याकडे निरखून बघत विचारलं, "रोल कंचा घातलास?"

"रोल लागत नाही, काकी. यात फाइल तयार होते."

"मंग फोटू उठनार कशावर? दाव बरं, कसा आलाय."

"आता नाही दिसणार. ठाण्याला गेल्यावर कॉम्प्युटरवर करावा लागतो. हा अजून कच्चा आहे."

कच्चा म्हटल्यावर तिला सगळं कळलं. तिच्या कामातलाच प्रकार तो. "मंग घाई नको करू," ती म्हणाली. "मीठ काढल्या काढल्या गोनीत भरला का त्याला पानी सुटतं, गोन कुजतं. बांधावर ढीग घालून पडू द्यावा लागतं. तवा कुठं त्याचा मीठ व्हतं."

मी हो हो म्हटलं. अकरा फोटो काढले. पहिले दहा सगळे सारखेच, मान ताठ, ओठ घट्ट, डोळे वटारलेले. अकराव्याला हरेश माझ्या मागून काहीतरी म्हणाला, आणि त्याला उत्तर द्यायला तिने नजर जराशी हलवली. तेवढ्यात मी दाबलं. फोटो काढणाऱ्याला कळतं. बघायची सोय नव्हती, तरी मला पक्कं कळलं की हाच तो.

जेवायला तांदळाची भाकरी, सुकटीचं कालवण आणि पांढरा कांदा. त्या जेवणाची चव अजून आठवते आणि ती आठवण नकोशी वाटते.

निघताना तिने माझ्या हातावर मिठाची पुडी ठेवली. "सोमवारी ह्याच वाटंनं जातंस ना?" तिने विचारलं. मी म्हटलं, गाडीने जाईन बहुतेक, रोह्याहून ठाण्याजवळच्या दिवा स्टेशनची रेल्वेगाडी आहे. "बरा," ती म्हणाली.

वडखळहून रोह्याची एसटी दुपारी उशिरा मिळाली. नागोठण्यापर्यंत गोवा हायवे, ट्रकमागे ट्रक. नागोठण्याला अंबा नदी ओलांडून गाडी हायवे सोडते आणि भिसे खिंडीतून रोह्यात उतरते. हा तुकडा या सगळ्या वाटेवरचा सर्वात देखणा. खिंडीत पळस फुलला होता. रोह्यात उतरले तेव्हा कुंडलिकेवर संध्याकाळ होती, आणि नदीच्या वासात आणखी एक वास मिसळलेला होता, नाकात आंबट चढणारा. दोन तासांत त्याची सवय होते, मग तो जाणवत नाही. मुक्काम कंपनीच्या गेस्टहाउसमध्ये होता, त्यामुळे लॉजचे दर मला सांगता येणार नाहीत. डाळ पातळ होती एवढं सांगू शकते.

रविवार

कंपनीतर्फे माझ्याबरोबर देशपांडे म्हणून गृहस्थ होते. सफारी घातलेले, सतत घड्याळ बघणारे. सकाळपासून आम्ही टाक्या, पाइप, हेल्मेट घातलेली माणसं असं सगळं टिपलं. दुपारी बाराच्या सुमाराला कार्ड भरत आलं. मी मोजूनमापून काढत होते, तेवढ्यात देशपांडे म्हणाले, "मोठे साहेब तासाभरात मुंबईला निघतायत. त्यांना काही दाखवता येईल का?"

माझ्याकडे ऑफिसचा लॅपटॉप होता. त्यात कार्ड बसायचं. जोशीकाकांचं सॉफ्टवेअर त्यात नव्हतं, पण फोटो बघायचा एक साधा प्रोग्रॅम होता. मी म्हटलं, बघू तरी. फायलीवर दोनदा टिचकी मारली, आणि काय आश्चर्य, फोटो उघडला! लहानसा दिसला, पोस्टाच्या तिकिटाहून थोडा मोठा, पण रंगीत आणि स्वच्छ. मला वाटलं, प्रोग्रॅमच लहान करून दाखवतोय. मनात म्हटलंसुद्धा, जोशीकाका उगीच बाऊ करतात.

मग मी जे केलं ते सावकाश सांगते. त्या प्रोग्रॅममध्ये सगळ्या फायलींचं एकदम जेपेग, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडणारा साधा फोटो, करायची सोय होती. जेपेग झालं की साहेबांना फ्लॉपीवर देता येईल, कार्डावर जागाही होईल, आणि ऑफिसात गेल्यावर मी जोशीकाकांना सांगेन की बघा, तुमच्याशिवाय झालं. खाली एक चौकट होती, मूळ फायली काढून टाकायच्या का म्हणून. देशपांडे खांद्यावरून वाकून बघत होते. मी त्या चौकटीत खूण केली. मिनिटभरात काम झालं. जिच्यावर दीड एमबीसुद्धा मावत नाही अशा एका फ्लॉपीवर सगळ्या फायली मावल्या, तेव्हासुद्धा मला शंका आली नाही. उलट आनंदच झाला. साहेब "वा, वा" म्हणाले आणि निघून गेले.

दुपारनंतर मी मोकळ्या कार्डावर नव्याने पुष्कळ फोटो काढले. सकाळचेही बरेचसे पुन्हा काढले, कारण उजेड जास्त छान होता. संध्याकाळी धावीर महाराजांच्या देवळापर्यंत चालत गेले. देऊळ शांत आहे, जरूर जा.

सोमवार

सकाळी बॅग भरता भरता सहज लॅपटॉप उघडला. हरेशच्या आईचा अकरावा फोटो बघावासा वाटला. उघडला, तसाच लहान. मोठा करायला गेले तर तिच्या तोंडाचे चौकोन चौकोन झाले. तेव्हा पहिल्यांदा फाइल केवढी आहे ते बघितलं. दीड एमबी हवी होती तिथे सात केबी होती.

कार्डावरची दुपारची एक फाइल, न उघडलेली, ती बघितली. दीड एमबी. म्हणजे प्रत्येक कच्च्या फायलीच्या पोटात ओळखीपुरतं एक चिमुकलं चित्र असतं, आणि तो साधा प्रोग्रॅम फक्त तेवढंच उघडत होता. मी तेवढ्याचंच जेपेग केलं होतं आणि खरा फोटो फेकून दिला होता.

गेटबाहेरच्या एसटीडी बूथवरून जोशीकाकांना फोन केला. त्यांनी एवढंच विचारलं, "त्यानंतर त्याच कार्डावर फोटो काढलेस?"

"हो. भरपूर."

"हं," ते म्हणाले. "ये तू. बघू."

या "बघू"ला मी घट्ट धरून बसले. जोशीकाका काहीतरी करतील. कॉम्प्युटरच्या बाबतीत तेव्हा आम्हा सगळ्यांचीच अशी समजूत होती की गेलेलं सगळं आत कुठेतरी असतंच.

रोह्याहून दिव्याची पॅसेंजर पकडली. या गाडीने जरूर जा. तिकीट स्वस्त, खिडकी मिळते, आणि नागोठण्यानंतर शेतं आणि खाडीकाठची दलदलीची खाजणं अगदी रुळांना येऊन भिडतात. पेण स्टेशनात गाडी समोरून येणाऱ्या गाडीसाठी थांबली. तेव्हा एकेरी मार्ग होता, क्रॉसिंग म्हटलं की किती वेळ ते सांगता यायचं नाही.

माझ्या मांडीवर कॅमेरा होता. कार्डावर दोन फोटोंची जागा शिल्लक होती. वडखळ तिथून रिक्षाने अर्ध्या तासावर. दवाखान्यात जायचं होतं मंगळवारी, आणि आज सोमवार. हा हिशेब मी केला, अगदी असाच केला. आणि त्यापुढे दुसरं चित्र डोळ्यांसमोर आलं, मी त्या ओटीवर उभी राहून सांगतेय की काकी, फोटो माझ्या हातून गेला, पुन्हा बसा. हरेश बघतोय. बायका बघतायत. आणि जोशीकाका बघू म्हणालेच होते की.

मी फलाटावर उतरले. चहा घेतला. चांगला होता. समोरची गाडी निघून गेली, शिटी झाली, आणि मी परत डब्यात चढले.

ठाणे

जोशीकाकांनी अर्धा दिवस त्या कार्डाशी झटापट केली. संध्याकाळी चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, "नाही गं. त्या जागेवर कंपनीच्या टाक्या येऊन बसल्यात." रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. कंपनीचं माहितीपत्रक दुपारच्या फोटोंवर निभावलं, छान छापलं गेलं, मालकांना काही कळलंही नाही.

हरेश बुधवारी आला, आईला दाखल करून. मी त्याला म्हटलं, "फोटो थोडा लहान आलाय." थोडा! दोन बोटं रुंद अशी ती छपाई मी त्याच्या हातात ठेवली. त्याने ती खिडकीच्या उजेडात धरली. मग म्हणाला, "तोंड सरळ आलंय, मॅडम." आणि खिशातल्या डायरीत नीट ठेवून दिली. अलिबागला जाऊन दुसरा काढू, असं मी म्हणाले. येत्या रविवारी, असंही म्हणाले. त्या रविवारी ऑफिसात काम निघालं. पुढच्या रविवारी ती नव्हती.

तेराव्यासाठी हरेशने ती दोन बोटांची छपाई पेणच्या एका स्टुडिओत दिली. तिथे लहान फोटोवरून हाताने मोठं चित्र करून देतात. चित्रकाराने आपल्या मते पुण्याचं काम केलं. गाल भरले, रंग उजळला, गळ्यात सोन्याची सर घातली. त्या तसबिरीत एक गोरीपान, सुखवस्तू बाई बसलेली आहे. मी तेराव्याला गेले होते तेव्हा शेजारची एक म्हातारी तिच्यापुढे उभी राहून विचारत होती, "ही कोन रं हरेश?"

मी हरेशला सगळं खरं सांगितलं ते त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी, ऑफिसखालच्या टपरीवर. चौकट, खूण, पेणचा फलाट, चहा, सगळं. तो ऐकून घेत होता. मग ग्लास खाली ठेवून त्याच्या त्या सावकाश आवाजात म्हणाला, "सोमवारी आईने परत जांभळं लुगडं नेसलं होतं. मी म्हटलं, कशाला गो? तर म्हणाली, ती पोरगी परत जानार हाय. शेवटच्याला मी तुज्याकडं बगितला, तोंड वाकडा आला असंल. आली तर आनखी एक काढून घेव." त्याने खिशातून चहाचे पैसे काढले. "दुपारपर्यंत ओटीवर बसली होती. मग म्हणाली, गाडीनं गेली असंल, आन् आत गेली."

त्याने हे मला टोचायला सांगितलं नाही, हे मला माहीत आहे. त्याच्या मनात होतं, ते त्याने सांगितलं. तो आणखी चार वर्षं आमच्याकडे होता आणि माझ्याशी कधी वाकडं बोलला नाही.

ती सात केबीची फाइल माझ्याकडे आहे. कॉम्प्युटर बदलले, फोन बदलले, ती मी दरवेळी पुढे नेते. आता असं म्हणतात की असली चित्रं मशीनकडून मोठी करून मिळतात, अगदी नाक-डोळ्यांसकट. मी करून बघितलं नाही. एका चित्रकाराने एकदा भरले तेवढे गाल पुरेत.

रस्त्याचं विचाराल तर आता हायवे रुंद झालाय, धूळ तेवढीच आहे. मिठागरं कमी झालीत. रोह्याला खिंडीतूनच जा, परतताना गाडीने या. गाडी पेणला थांबते. आपलं कुणी तिथे आसपास असेल, काही द्यायचं, सांगायचं, पुन्हा एकदा करायचं राहिलं असेल, तर चहा घेऊ नका, रिक्षा घ्या.